किसिमी नदीचं प्रकरण: कालवा बुजवला, वळणं परत आली, पण पाण्याचं वेळापत्रक कुणाच्या हातात?

सपाट प्रदेशातल्या नदीबद्दल बोलायचं तर मी नेहमी फ्लोरिडातल्या किसिमीचं उदाहरण घेतो, कारण या एका नदीत सगळं झालंय, म्हणजे आधी नदी मोडली, मग ती मोडल्याचं कळलं, मग तीस वर्षं भांडणं झाली आणि मग ती परत जोडायला घेतली. आणि प्रत्येक टप्प्यावर कुणी ना कुणी मोजमाप करून ठेवलंय, हे फार कमी नद्यांच्या नशिबी येतं. बहुतेक जण ही गोष्ट "सरळ केलेली नदी पुन्हा वाकडी केली" एवढीच सांगतात. ते खरंच आहे पण ती अर्धी गोष्ट आहे. उरलेली अर्धी गोष्ट वरच्या तळ्यांची आणि एका गेटची आहे आणि माझ्या मते खरा जीव तिथे आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

मूळची नदी कशी होती

ऑर्लँडोच्या दक्षिणेला तळ्यांची एक लांबलचक साखळी आहे, लहानमोठी पंचवीसेक तळी, आणि त्यांचा पाणलोट साधारण ४,२०० चौरस किलोमीटरचा. हे सगळं पाणी शेवटी किसिमी तळ्यात येतं आणि तिथून किसिमी नदी निघून दक्षिणेला ओकीचोबी या प्रचंड तळ्यात जाते. ओकीचोबीला जे पाणी मिळतं त्यातला सगळ्यात मोठा वाटा या नदीचा.

आता उतार बघा. तळ्यापासून तळ्यापर्यंत नदीची मूळ लांबी १०३ मैल, म्हणजे १६६ किलोमीटर, आणि तेवढ्या अंतरात ती उतरायची सुमारे ११ मीटर. हिशोब केला तर किलोमीटरला जेमतेम ७ सेंटीमीटर! एवढ्या उतारावर पाणी धावत नाही, ते रेंगाळतं, वळतं, पसरतं. नदीचं पात्र अरुंद होतं आणि काठ बुटके होते, त्यामुळे प्रवाह जरा वाढला की पाणी काठ ओलांडून बाजूच्या पूरमैदानात जायचं. हे मैदान दीड ते तीन किलोमीटर रुंद, आणि त्याचा बहुतेक भाग वर्षातला निम्म्याहून जास्त काळ पाण्याखाली असायचा. पाणी म्हणजे काही गळ्यापर्यंत नाही हं, बऱ्याच ठिकाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच.

आणि उतरायचंही किती हळू, तर महिन्याला फूटभर, बऱ्याचदा त्याहून कमी. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. पाणी हळू उतरलं की मैदानात जागोजागी उथळ डबकी राहतात, त्यात मासे, झिंगे, बेडकांची पिल्लं आटत्या पाण्यात गोळा होतात आणि नेमकं त्याच दिवसांत बगळे, शराटी वगैरे पाय लांब असलेल्या पक्ष्यांची पिल्लं घरट्यात तोंड उघडून बसलेली असतात. म्हणजे पाणी उतरण्याचा वेग हाच पक्ष्यांच्या जेवणाचा टाइमटेबल. पाणी चार दिवसांत झटकन उतरलं तर मासे एकतर पात्रात परत जातात किंवा चिखलात मरतात, आणि पक्ष्याच्या हाती काही लागत नाही.

वनस्पतींचंही तसंच. जास्त काळ पाणी राहतं तिथे रुंद पानांची दलदल, जरा उंचावर गवताळ ओली कुरणं, त्याच्याही वर झुडपं. या पट्ट्यांमधला फरक अनेकदा एक-दीड फुटाचा, पण तेवढ्यानं अख्खी वनस्पतींची वस्ती बदलते. डोंगराळ नदीत एका फुटानं काही बिघडत नाही, इथे एक फूट म्हणजे वेगळं जग.

मोडली कशी

१९४७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागोपाठ दोन हरिकेन आली, आधीच पावसानं जमीन तुडुंब होती, आणि दक्षिण फ्लोरिडाचा मोठा भाग कित्येक आठवडे पाण्यात राहिला. त्यावेळी निघालेल्या एका अहवालाच्या मुखपृष्ठावर पाण्यात उभी असलेली, डोळ्यांतून आसवं गळणारी गाय काढलेली होती, तो अहवाल पुढे "रडणारी गाय" याच नावानं ओळखला गेला. लोकांचं नुकसान खरं होतं, ते कमी लेखायचं काही कारण नाही. १९४८ ला अमेरिकन काँग्रेसनं मध्य आणि दक्षिण फ्लोरिडासाठी मोठी पूरनियंत्रण योजना मंजूर केली, १९५४ ला त्यात किसिमीचं काम मंजूर झालं, आणि १९६२ ते १९७१ या काळात आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सनं (अमेरिकन लष्कराचं बांधकाम-अभियांत्रिकी खातं) नदीच्या मधोमध सी-३८ नावाचा कालवा खोदला.

१६६ किलोमीटरची नागमोडी नदी गेली आणि तिच्या जागी ९० किलोमीटरचा जवळजवळ सरळ कालवा आला, सुमारे ९ मीटर खोल आणि साधारण ९० मीटर रुंद. त्यावर सहा बांध-गेटं: पहिलं किसिमी तळ्याच्या तोंडाशी एस-६५, आणि मग खाली ए, बी, सी, डी, ई. त्यामुळे कालव्याचे पाच टप्पे झाले, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे, आणि प्रत्येक पायरीवर पाणी सपाट आणि जवळजवळ स्थिर. प्रत्येक टप्प्याच्या खालच्या टोकाला, गेटच्या मागे, थोडी जमीन ओली राहिली, वरची बाकी सगळी सुकली. १२ ते १४ हजार हेक्टर पाणथळ जमीन गेली. जिथे दलदल होती तिथे कुरणं झाली, गुरं चरायला लागली.

पूरनियंत्रणाचं काम कालव्यानं केलं का? हो, केलं. मी हे मुद्दाम लिहितोय कारण पर्यावरणवाल्यांच्या लिखाणात हे बऱ्याचदा गाळलं जातं. वरच्या तळ्यांभोवती जी वस्ती वाढली ती या कालव्याच्या भरवशावरच वाढली, आणि पुढे दुरुस्ती करताना हात बांधले गेले ते यामुळेच.

पण नदीचं काय झालं ते बघा. हिवाळ्यात येणारी बदकं ९२ टक्क्यांनी कमी झाली. बाल्ड ईगलच्या घरट्यांचे प्रदेश ७४ टक्क्यांनी घटले. लांब पायांचे पाणपक्षी गेले आणि त्यांच्या जागी गायबगळे दिसायला लागले, जे गुरांच्या पायाशी किडे टिपतात, म्हणजे लांबून बघणाऱ्याला पांढरे पक्षी अजून आहेत असंच वाटावं! पात्राची जुनी वळणं कालव्याच्या दोन्ही बाजूंना तुटून पडली होती, पाणी होतं पण वाहत नव्हतं. अशा एका तुटक्या वळणात काय व्हायचं तर वर जलपर्णी आणि तरंगतं तण गच्च, ते मरून खाली बसायचं, तळाच्या स्वच्छ वाळूवर काळ्या कुजक्या गाळाचा थर चढत जायचा, आणि तो कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकायचा. अशा पाण्यात लिटरला एक-दोन मिलिग्रॅम ऑक्सिजन, कधी त्याहूनही कमी. बास जातीच्या माशाला तेवढ्यात जगता येत नाही. गार आणि बोफिन या जातींच्या माशांना जगता येतं कारण ते वर येऊन हवा घेऊ शकतात, म्हणून तेच उरले. नदी कशी आहे हे माशांवरून ओळखायचं असेल तर हा प्रश्न विचारा: इथे टिकलेले मासे पाण्यातून श्वास घेतात की हवेतून?

वरचं गेट

आता तो भाग जो लोक गाळतात.

कालव्याबरोबर वरच्या तळ्यांनाही गेटं बसली आणि त्यांच्या पातळीचं एक वेळापत्रक ठरलं. आधी तळी पावसाळ्यात चांगली वर चढायची, काठच्या दलदलीत पसरायची, आणि मग महिनोन् महिने हळूहळू नदीला पाणी देत राहायची. म्हणजे तळी हा नदीचा साठा होता, आणि नदीला कोरड्या दिवसातही थोडं ना थोडं पाणी मिळायचं. नियमन आलं तेव्हा पातळीची पट्टी अरुंद केली गेली. हरिकेनचा मोसम जूनमध्ये सुरू होतो, त्याआधी तळ्यात जागा करायची म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी सोडून द्यायचं, आणि पाऊस सुरू झाला की तळी भरायला गेटं बंद.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. नैसर्गिकरीत्या नदीला सगळ्यात जास्त पाणी सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि सगळ्यात कमी मार्च ते मे. नियमनानंतर हे जवळजवळ उलटं झालं. पावसाळ्यात दिवसेंदिवस नदीला वरून थेंब नाही, आणि कोरड्या दिवसात अचानक लोंढा. म्हणजे समजा कालवा खोदलाच नसता, सगळी वळणं जागेवर असती, तरी या वेळापत्रकानं नदी आजारी पडलीच असती. पात्राचा आकार आणि पाण्याची वेळ ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि फोटोत फक्त पहिलं दिसतं. आकाशातून घेतलेला सरळ कालव्याचा फोटो बघून कुणालाही राग येतो. एका तक्त्यात मे महिन्याचा प्रवाह ऑक्टोबरपेक्षा जास्त दिसला तर कुणाला राग येत नाही, पण यायला पाहिजे!

दुरुस्ती: ठरायलाच वीस वर्षं

कालवा पुरा होत होता त्याच वर्षी, १९७१ मध्ये, गव्हर्नरनी बोलावलेल्या पाणी परिषदेत नदी परत आणायची मागणी झाली. आर्थर मार्शल सारखे अभ्यासक आधीपासून ओरडत होते. मुख्य भीती ओकीचोबीची होती, की कालवा वरचं सगळं खत-शेण धुवून थेट तळ्यात नेऊन टाकतोय. १९७६ ला फ्लोरिडाच्या विधिमंडळानं किसिमीच्या पुनरुज्जीवनाचा कायदा केला, १९८३ ला गव्हर्नर बॉब ग्रॅहम यांनी एव्हरग्लेड्स (दक्षिण फ्लोरिडातली प्रचंड दलदल) वाचवण्याची मोहीम जाहीर केली त्यात किसिमीही होती.

मग प्रयोग. १९८४ पासून कालव्याच्या बी टप्प्यात, म्हणजे एस-६५बी गेटच्या मागच्या तुकड्यात, लोखंडी पत्र्यांचे तीन आडवे बंधारे घातले, जेणेकरून कालव्यातलं पाणी अडून जुन्या वळणांत वळेल. आणि ते वळलं. वळणांत प्रवाह आला तसा काळा गाळ वाहून जायला लागला, सुकलेल्या मैदानात पाणथळ वनस्पती उगवल्या, म्हणजे नदी बरी होऊ शकते हे सिद्ध झालं. पण त्याच प्रयोगात हेही दिसलं की कालवा तसाच ठेवून बंधाऱ्यांवर भागणार नाही. खोल कालवा शेजारी आहे तोपर्यंत तो मैदानातलं पाणी ओढून घेतो, पाणी फार झपाट्यानं उतरतं, आणि बंधाऱ्यांजवळ वेग नको तेवढा वाढतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या लोकांनी नदीचं एक भौतिक मॉडेल बांधून पर्याय तपासले: बंधारे, मध्ये मध्ये मातीचे डट्टे, किंवा कालवा लांबच लांब सलग बुजवणं. निष्कर्ष निघाला की सलग बुजवल्याशिवाय पर्याय नाही. मला हा टप्पा फार आवडतो, कारण इथे स्वस्त पर्याय खरोखर करून बघितला, मोजला, आणि मगच महागडा घेतला. कागदावर वाद घालत बसले नाहीत.

१९९२ ला काँग्रेसची मंजुरी आली, खर्च केंद्र आणि राज्यानं निम्मा-निम्मा. राज्याच्या बाजूनं साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट, केंद्राच्या बाजूनं तीच आर्मी कोअर जिनं कालवा खोदला होता. १९९४ ला हजार फूट कालवा बुजवून चाचणी घेतली, की भरलेली माती टिकते का, पाणी किती गढूळ होतं. मग १९९९ ला खरं काम सुरू झालं आणि जून २००० मध्ये एस-६५बी हा बांध सुरुंग लावून उडवला.

बुजवायला माती कुठून आणली असेल? तिथलीच. साठच्या दशकात खोदलेली माती कालव्याच्या कडेनं ढिगांमध्ये पडून होती, तीच परत आत ढकलली. ढीग उचलले तशी खाली दबलेली मैदानाची जुनी जमीन उघडी झाली. जिथे कालव्यानं किंवा ढिगांनी जुनं पात्रच नाहीसं केलं होतं तिथे नवं पात्र कोरून तुटकी वळणं एकमेकांना जोडली.

आणि पाणथळ झाडंझुडपं लावायला कुणी माणसं लावली नाहीत. पाणी आलं आणि ती आली. जमिनीत तीस वर्षं निपचित पडलेलं बी, गेटांच्या मागे उरलेल्या ओल्या कोपऱ्यांतून वाहत आलेलं बी. कुरणाचं गवत कुजलं, आणि त्यातून बाणासारख्या पानांची सॅजिटेरिया आणि निळ्या तुऱ्याची पिकरेलवीड वर आली. गुराच्या खुरांनी तुडवलेल्या जमिनीत एवढी आठवण शिल्लक असते, हे वाचलं तेव्हा मी खरंच थोडा वेळ गप्प बसलो होतो.

शेवटचा टप्पा २०२१ च्या जुलैमध्ये संपला. एकूण २२ मैल, म्हणजे साधारण ३५ किलोमीटर कालवा बुजवला, ४४ मैल म्हणजे ७० किलोमीटरच्या आसपास नदी वाहती झाली, आणि सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या नदी-मैदानाला पाणी परत मिळण्याची सोय झाली. खर्च जवळजवळ १०० कोटी डॉलर. त्यात मोठा वाटा जमीन खरेदीचा, कारण पाणी पसरायचं तर जमीन हवी, आणि ती खाजगी होती, १ लाख एकराच्या वर घ्यावी लागली.

५६ मैलांच्या, म्हणजे ९० किलोमीटरच्या कालव्यापैकी फक्त २२ मैलच का बुजवला, असं कुणीही विचारेल. वरचा तुकडा ठेवला कारण तळ्यांभोवतीच्या वस्तीचं पूरसंरक्षण कमी करायचं नाही अशी अटच होती, मोठा पाऊस झाला तर तळ्यांचं पाणी बाहेर काढायला तोंड मोकळं लागतं. खालच्या तुकड्यात मैदानावरच्या जमिनींचा आणि पुराचा प्रश्न. म्हणजे मधली नदी परत आली, डोकं आणि शेपूट अजून कालवाच.

काय सुधारलं, कसं कळलं

इथे एक गोष्ट त्यांनी फार नीट केली. काम सुरू व्हायच्या आधी, १९९५ ते १९९९, मोजमाप करून घेतलं. ए टप्पा जसाच्या तसा ठेवला होता, तो तुलनेसाठी वापरला. आणि काय बदल व्हायला पाहिजेत याच्या २५ अपेक्षा आधीच लिहून ठेवल्या, आकड्यांसकट. ऑक्सिजनसारख्या गोष्टींचे कालव्याआधीचे आकडे नव्हते, तर त्या भागातले मोकळे वाहणारे ओढे मोजून त्यावरून अंदाज बांधला. काम झाल्यावर "बघा किती छान झालं" म्हणणं सोपं असतं, आधी लिहून ठेवलं की पळवाट राहत नाही.

निकाल: तळावरचा सेंद्रिय गाळ ७१ टक्क्यांनी कमी झाला आणि वळणांच्या आतल्या बाजूला वाळूचे पट्टे परत उघडे पडले. हे वाळूचे पट्टे छोटी गोष्ट वाटते पण ती नदी जिवंत असल्याची खूण आहे. वळणावर बाहेरच्या काठाला पाणी जोरात घासतं, आतल्या काठाला मंदावतं, आणि मंदावलं की वाळू टाकतं, म्हणजे आत पट्टा तयार होतोय याचा अर्थ पाणी खरंच वाहतंय. त्या ओल्या वाळूवर चोच खुपसणारे किनारपक्षी आले. कालव्याच्या काळात दिसेनासे झालेले आठ जातींचे किनारपक्षी परत दिसले, त्यात आपल्या शेकाट्याचा तिकडचा भाऊबंदही आहे, तसेच लांब लाल पाय.

ऑक्सिजन वाढला, वर्षातल्या बऱ्याच काळात दुपटीच्या आसपास. बास आणि सनफिश मिळून माशांमधला त्यांचा वाटा ३८ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेला. बदकं आणि लांब पायांचे पक्षी बुजवण्याच्या कामाच्या पहिल्या टप्प्याच्या भागात अपेक्षेइतके, काही वर्षी अपेक्षेपेक्षाही जास्त आले. गायबगळे मागे पडले. हे सगळं खरं आहे, आणि मनापासून आनंद होण्यासारखं आहे.

जे अजून सुटलं नाही

पहिलं, मासे मरतात. मोठा पाऊस झाला की मैदानात साचलेलं, कुजलेल्या पानगवतातून आलेलं काळं पाणी एकदम पात्रात उतरतं आणि ऑक्सिजन काही दिवसांत तळाला जातो. २०१७ ला इर्मा हरिकेन येऊन गेलं तेव्हा असाच मोठा फटका बसला, बासची संख्या कोसळली. थोडाफार ऑक्सिजन पावसाळ्यात उतरतोच, जुन्या नदीतही उतरत असणार. पण इथे त्यात गेटचाही हात आहे. किसिमी तळ्याच्या तोंडाशी असलेल्या एस-६५ गेटमधून पाणी एकदम वाढवलं तर मैदान एका झटक्यात बुडतं, सुकं गवत पाण्याखाली जाऊन कुजायला लागतं, आणि मग एकदम कमी केलं तर तेच सडकं पाणी पात्रात परत येतं. म्हणून आता सोडण्याचं प्रमाण रोज किती वाढवायचं, किती घटवायचं याच्या मर्यादा घालून काम करतात. प्रश्न पाणी किती याइतकाच ते किती घाईनं, याचा आहे.

दुसरं, रुंद पानांची दलदल म्हणावी तेवढी परत आलेली नाही. पाणथळ झालं, पण अनेक ठिकाणी कमी काळ पाणी सहन करणारी गवतं आणि झुडपं बसली, बाहेरून आलेल्या जातीही घुसल्या: पेरू देशाच्या नावानं ओळखली जाणारी लुडविजिया, वेस्ट इंडियन मार्श ग्रास, झाडांवर चढणारं फर्न. कारण साधं आहे, मैदानात पाणी पुरेसे महिने थांबत नाही. येतं, पण लवकर जातं. वनस्पती खोटं बोलत नाहीत, कुठे किती महिने पाणी होतं ते त्यांच्याकडे बघून वाचता येतं.

तिसरं ओकीचोबीचं फॉस्फरस. या तळ्यात वर्षाला १४० मेट्रिक टनांहून जास्त फॉस्फरस येऊ नये अशी मर्यादा ठरलेली आहे आणि त्या मर्यादेत येणं लांबची गोष्ट. सुरुवातीला अनेकांना आशा होती की नदी बरी झाली की पाणथळ जमीन फॉस्फरस गाळून घेईल. पण वर्षानुवर्षं शेतात, कुरणात, डेअऱ्यांमध्ये टाकलेलं फॉस्फरस मातीतच मुरून बसलंय, ते पावसागणिक थोडं थोडं सुटत राहतं. अख्ख्या पाणलोटाच्या मातीत जे भरलंय ते नदीच्या पट्ट्यानं एकट्यानं कसं निस्तरावं? याला वर शेतातच उपाय करावा लागतो, नदीवर हे ओझं टाकणं अन्यायाचं आहे असं मला वाटतं.

आणि या तीनपैकी पहिल्या दोन दुखण्यांची वाट परत त्याच गेटपाशी जाते. योजनेत सुरुवातीपासून लिहिलेलं होतं की किसिमी आणि जोडलेल्या तळ्यांची कमाल पातळी दीड फुटानं वाढवायची, समुद्रसपाटीपासून ५२.५ वरून ५४ फुटांवर. दीड फूट ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यात सुमारे १ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर फूटभर उभं राहील एवढं पाणी) जास्त पाणी साठतं, आणि ते पावसाळ्यानंतर हळूहळू नदीला देता येतं, म्हणजे तळी पुन्हा नदीचा साठा बनतात. त्यासाठी तळ्याकाठची जमीन विकत घ्यायची, कालवे रुंद करायचे, गेटची क्षमता वाढवायची, हे सगळं यादीत होतं. पण २०२१ ला शेवटचं मातीकाम संपलं तेव्हाही हे वेळापत्रक पूर्ण लागू झालेलं नव्हतं. इतकी वर्षं मधली नदी नव्या पात्रात जुन्या टाइमटेबलवर चालत होती, थोड्याफार तात्पुरत्या सवलती देऊन.

हे का रखडतं तेही समजून घ्यायला हवं. कालवा बुजवणं दिसतं. यंत्रं, सुरुंग, फीत कापणं, फोटो. तळ्याची पातळी दीड फूट वाढवणं म्हणजे काठच्या माणसाच्या अंगणाशी, जेट्टीशी, कुरणाच्या कडेशी पाणी येणं, आणि त्याची भीती खोटी नाही, १९४७ चा पूर त्याच्या आजोबांनी बघितलाय. एकदा जमीन घेतली, मोबदला दिला, तरी दर पावसाळ्यात कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो की आज तळं इतकं भरलंय, हरिकेन येऊ शकतं, तरी गेट किती उघडायचं. खाली ओकीचोबी आधीच भरलेलं असेल तर आणखी गुंता, कारण तिथलं जास्तीचं पाणी मग पूर्वेला आणि पश्चिमेला समुद्राकडे सोडतात आणि तिथल्या खाडीतले लोक चिडतात, बरोबरच आहे त्यांचं. म्हणजे किसिमीच्या मैदानात ऑक्टोबरमध्ये गुडघाभर पाणी असावं की नाही हा प्रश्न वर ऑर्लँडोच्या बाजूच्या तळ्यांपासून खाली दोन्ही किनाऱ्यांपर्यंत सगळ्यांना बांधलेला आहे.

माझं मत विचाराल तर पुढची दहा वर्षं पैसा आणि लक्ष नवीन कालवा बुजवण्यापेक्षा या दीड फुटावर गेलं पाहिजे. उरलेला वरचा आणि खालचा कालवा बुजवता येईल का यावर वाद करणारे आहेत, त्यांची तळमळ मला कळते. पण जो भाग जोडलाय त्यालाच अजून पावसाळ्यात पावसाळ्यासारखं पाणी मिळत नाहीये. महिन्याला फूटभर या वेगानं पाणी उतरायला लागलं, सलग काही वर्षं, तर रुंद पानांची दलदल आपली जागा परत घेईल असं त्या भागातल्या उरलेल्या ओल्या कोपऱ्यांकडे बघून वाटतं, बी तर तिथे आहेच. आणि दरवर्षी हे मोजायला मैदानात पातळीच्या पट्ट्या लावलेल्या आहेत, त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटी तिथे किती पाणी उभं होतं आणि नोव्हेंबरच्या शेवटी किती उरलं, ते कुणालाही बघता येतं.